सिगब्रितचा झेंडा चुकत नाही

आस्केनेसची गढी बघायला येणाऱ्याने आधी बूट काढायचे, हा सिगब्रितचा नियम. मग तो जर्मनीहून बसने आलेला असो, नाहीतर जिल्ह्याचा गव्हर्नर असो. दगडी दालनाच्या दाराशी ती हाताची घडी घालून उभी राहायची आणि हनुवटीने भिंतीकडे खूण करायची.

"बूट तिथे. ओळीत ठेवा, ढीग नको."

एकदा स्टॉकहोमची एक बाई अडून बसली. "अहो, बाकीच्या गढ्यांमध्ये बुटांवरून चढवायला निळ्या पिशव्या देतात."

"तिथे कोणी राहत नसेल," सिगब्रित म्हणाली. "इथे माणूस राहतो. मावशीच्या घरी जाताना तुम्ही पायांत पिशव्या घालता का?"

बाईने मुकाट्याने बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भलंमोठं भोक होतं, खरी अडचण ती होती. सिगब्रितने कोपऱ्यातल्या टोपलीतून लोकरीचे मोजे काढून तिच्या हातात ठेवले. हिवाळाभर ती हेच विणत बसायची. थंड फरशीवरून कोणी कुडकुडत गेलं तर घराचं नाव खराब होतं, असं तिचं म्हणणं.

घर. ती कधी गढी म्हणायची नाही. आमच्याकडे नवा पाहुणा आला की कॉफीच्या आधी त्याला सगळं घर फिरवून दाखवतात, अगदी मोरीपर्यंत. सिगब्रित गढी तशीच दाखवायची. कोणत्या राजाने कोणाला कधी जहागीर दिली हे तिला पाठ होतं, पण ते ती जिना चढता चढता उरकून टाकायची. खोलीत शिरल्यावर तिची गाडी वेगळ्याच रुळावर यायची. हा आरसा लग्नात आहेर आलेला, दोन्हीकडच्या मंडळींना तो आवडला नव्हता. या खिडकीशी संध्याकाळचं ऊन येतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी नेहमी इथेच बसायचं ठरवलं. हे टेबल चोवीस जणांचं, पण घराचे मालक बॅरनसाहेब एका टोकाला एकटे जेवतात. आणि मग टेबलावरची न उचललेली बशी बघून, "आज अंडं अर्धं टाकलंय. बरं वाटत नसावं."

माणसं त्या अर्ध्या अंड्याकडे जितक्या आदराने बघत, तितकं त्यांनी भिंतीवरच्या सरदारांकडे बघितलं नाही. सिगब्रित आधी गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. शाळा बंद पडली आणि त्याच सुमाराला गढीचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा बॅरनच्या बायकोने, आगाताबाईंनी, तिला बोलावून घेतलं. रविवारी घर लोकांना उघडायचं, चार पैसे छपराला लावायचे. आगाताबाई गेल्या, छप्पर गळायचं थांबलं नाही, आणि सिगब्रित तीसेक वर्षं रविवारचं दार उघडत राहिली. मी तिच्यासारखं घर दाखवणारं दुसरं माणूस पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बॅरन फाबियान म्हणजे उंच, किडकिडीत, कमालीचा बुजरा माणूस. वय पंच्याऐंशीच्या पुढे. रविवारी एक वाजला की तो वर्तमानपत्र आणि पक्षी बघायची दुर्बीण घेऊन चादरींच्या खोलीत जाऊन बसायचा आणि शेवटचे बूट बाहेर पडेपर्यंत हालचाल करायचा नाही. पाहुण्यांना तो 'बसवाले' म्हणायचा. "बसवाले गेले का, सिगब्रित?" "गेले, बॅरनसाहेब." एवढाच दोघांचा रविवारचा संवाद.

तळ्यापलीकडचं आमचं गाव मात्र कधी गढी बघायला गेलं नाही. जर्मन आले, डेन्मार्कचे आले, गाव नाही. रोज दिसणारी वस्तू बघायला तिकीट कोण काढतो, हे एक कारण झालं. दुसरं कोणी बोलत नसे. गावातल्या निम्म्या घरांचे आजोबा-पणजोबा गढीच्या शेतावरचे गडी. पैशांऐवजी धान्य आणि दुधावर राबायचे, चाळीतल्या एका खोलीत दहा जण राहायचे, आणि गढीत काही काम पडलंच तर मागच्या अंगणातून स्वयंपाकघराच्या दाराने आत जायचे. आता त्याचा राग कोणाला नव्हता. पाय वळत नव्हते, इतकंच.

गढीचं आणि गावाचं नातं उरलं होतं ते झेंड्यापुरतं. तळ्याच्या काठावर, ओकच्या झाडांपलीकडच्या खडकावर, गढीचा खांब आहे. गावातून तो लख्ख दिसतो, गढीतून झाडांमुळे दिसत नाही. दर रविवारी सकाळी आठला सिगब्रित तिथे झेंडा चढवायची आणि सूर्य मावळायच्या आत उतरवायची. उन्हाळ्यापुरता राहायला आलेल्या एका वकिलाने आपला झेंडा एकदा रात्रभर तसाच ठेवला, तर ही बाई सकाळी होडी वल्हवत त्याच्या दारात हजर. "तुमचं कोणी आजारी आहे का? नाही? मग झेंडा का विसरलात?" तेव्हापासून गावात बोललं जाई की एकवेळ चर्चची घंटा चुकेल, पण सिगब्रितचा झेंडा चुकायचा नाही.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी बॅरनने तिला कॉफीला थांबवून घेतलं. तो कपात चमचा फिरवत राहिला, साखर घातलेली नसताना.

"सोमवारी स्टॉकहोमहून एक माणूस येणार आहे," तो म्हणाला. "सही करायची आहे. मी विकतोय, सिगब्रित."

"असं होय," सिगब्रित म्हणाली.

"मोठी कंपनी आहे. श्रीमंत लोकांना उतरायला जागा करणार म्हणतात. छप्पर नवं घालतील. कुंपणही घालतील." त्याने चमचा खाली ठेवला. "रविवारचं बंद होईल. हा शेवटचाच."

"असं होय."

"अगं, मुलगी ऑस्ट्रेलियात, ती काही परत येत नाही. आणि मी गेलो तर इथे कोणाला काय फरक पडणार आहे? बसवाल्यांना दुसरी गढी सापडेल. गावातलं तर आजवर कोणी फिरकलं नाही."

ते खरं होतं. सिगब्रितने कप विसळले, पालथे घातले, सायकलवर बसून घरी गेली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. नवरा गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती. नवऱ्याचं दुखणं लांबलेलं होतं, मनाची तयारी झालेली होती. याची तयारी कोणी करू दिली नव्हती. रडून झाल्यावर तिने पीठ भिजवलं, कारण शेवटचा रविवार असला तरी दालचिनीचे बन लागणारच होते.

रविवारी सकाळी आठ वाजता ती खडकावर गेली. झेंडा टोकापर्यंत चढवला. खाली दोरी बांधताना मात्र तिला समोरचं काही दिसेना, डोळे सारखे भरून येत होते. कशीबशी गाठ मारली, नाक पुसलं आणि झाडांमधून परत आली. जुनी दोरी, ओली गाठ. वारा सुटला तशी गाठ सैल झाली, झेंडा सरकत सरकत खाली आला आणि दोरीला पीळ पडून मध्येच अडकला. सिगब्रित तेव्हा भट्टीतून बन काढत होती.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की झेंडा अर्ध्यावर येतो. शेजारी बघतात आणि आपलाही अर्ध्यावर आणतात. कोण गेलं, कसं गेलं, विचारायला कोणी धावत नाही. दुःखातल्या घराला त्रास द्यायचा नसतो.

बाराच्या सुमाराला बॅरनने वरच्या खिडकीतून हाक मारली. "सिगब्रित! जरा वर ये."

तो दुर्बीण घेऊन उभा होता. पलीकडच्या काठावर चर्चजवळचा झेंडा अर्ध्यावर होता. दुकानवाल्या माइकेनचा अर्ध्यावर होता. दोघं बघत असतानाच पुलापाशी आणखी एक खाली आला.

"कोण गेलं असेल गं?"

"काल तर सगळे धडधाकट होते," सिगब्रित म्हणाली. "माइकेनला फोन करून बघू का?"

"छे छे! आत्ता? तिच्याच घरात झालं असलं तर?"

"तेही खरं."

बॅरनने दुर्बीण डावीकडे फिरवली आणि ती तिथेच धरून ठेवली. "एलोफच्या खांबावरही आहे."

एलोफ म्हणजे गढीच्या चाळीत जन्मलेला, आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत काम केलेला, युनियनचा कडवा माणूस. बॅरनच्याच वयाचा. त्याच्या खांबावर वर्षातून एकदा, कामगार दिनाला, लाल झेंडा चढायचा. देशाचा झेंडा त्याच्याकडे नव्हताच.

"मग हा त्याने लावलेला नाही," बॅरन म्हणाला. "त्याच्यासाठी कोणीतरी लावलाय."

तो खुर्चीवर बसला. लहानपणी बर्फावर दोघं एकत्र घसरत असत, मग फाबियानला निवासी शाळेत धाडलं आणि ते संपलं. पुढे सगळ्या देशाने लहान-मोठा न बघता एकमेकांना अरे-तुरे करायचं ठरवलं, तेव्हाही बॅरनला बॅरनसाहेबच म्हणत राहिले सगळे. एकटा एलोफ तेवढा दुकानात भेटला की चारचौघांत म्हणायचा, 'काय रे फाबियान, छप्पर काय म्हणतंय?'

"मला अरे म्हणणारा तो एकच उरला होता," बॅरन म्हणाला. "जा, आपलाही अर्ध्यावर आण."

सिगब्रित एप्रन न सोडताच निघाली. झाडं ओलांडून खडकावर आली आणि तिने वर बघितलं.

आपला अर्ध्यावर होता. केव्हापासून, कोणास ठाऊक. तिने गावाकडे बघितलं, एकेक झेंडा पाहिला, आणि तिच्या लख्ख ध्यानात आलं की पलीकडे कोणीही मेलेलं नाही. हात दोरीकडे गेले आणि तसेच थांबले. आता हा टोकाला चढवला तर? दफन उरकलं की झेंडा पुन्हा टोकापर्यंत चढवायचा असतो. म्हणजे गाव समजणार, सकाळी मेला आणि एक वाजायच्या आत पुरलासुद्धा. अख्ख्या आयुष्यात झेंड्याची एक चूक, आणि तीही अशी की सुधारायला जावं तर आणखी मोठी होते. तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

वर जाऊन ती दारातच उभी राहिली.

"बॅरनसाहेब, एलोफ जिवंत आहे."

"देवाची कृपा! कोण गेलं मग?"

"तुम्ही."

बॅरनने तिच्याकडे बघितलं.

"गाठ सुटली," ती म्हणाली. "माझी चूक. आपला झेंडा खाली आलाय, म्हणून त्यांनी आपापले उतरवलेत. माझा झेंडा म्हटल्यावर कोणाला शंकाच आली नसणार. मला माफ करा. मी आत्ता माइकेनला फोन करते."

बॅरन हसेल किंवा रागावेल असं तिला वाटलं होतं. तो उठला आणि पुन्हा खिडकीशी गेला. एक एक करून त्याने सगळे खांब बघितले.

"सगळ्यांनी उतरवला?"

"सगळ्यांनी."

"एलोफने माझ्यासाठी कुठूनतरी झेंडा मागून आणला?"

"तसंच दिसतंय."

सिगब्रित खाली फोनपाशी गेली. माइकेनच्या घरी घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. दुसऱ्या घरी लावला, तिथेही तेच. तेवढ्यात एक वाजला आणि फाटकाशी गाड्या थांबल्याचा आवाज आला.

गाव आलं होतं. पन्नासेक माणसं, सगळी काळ्या कपड्यांत, ऑगस्टच्या उन्हात, ओळीने उभी. पुढे माइकेन, हातात केकचा भलाथोरला खोका. दुःखाच्या घरात न बोलावता शिरायचं नाही, हे तर ठरलेलं. पण माइकेनने तोडगा काढला होता. रविवार आहे, एक वाजता दार उघडतं, तिकीट काढलं की आपण पाहुणे, मग त्रास कसला? गावाला ते पटलं होतं.

"माइकेन, ऐक," सिगब्रित दारातून घाईघाईने म्हणाली, "झेंड्याचं काय झालं—"

"काही बोलू नकोस." माइकेनने तिचा दंड दाबला. "आम्हाला सगळं कळतंय. तिकिटं फाड."

"अगं, पण तसं काही—"

"नंतर. बूट कुठे काढायचे?"

मागून सगळ्यांनी मान हलवली. सिगब्रित तोंड उघडायची की कोणीतरी तिचा हात हातात घ्यायचं, डोळे टिपायचं आणि पुढे सरकायचं. बुटांची ओळ भिंतीला पुरली नाही, ती वळून दालनाच्या मधोमध गेली. टोपलीतले मोजे संपले. गाव मान खाली घालून उभं राहिलं, आणि तेवढ्यात जिन्यावरून बॅरन खाली आला.

तोही मोज्यांवरच होता. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, आणि इतकी माणसं बघून त्याचे कान लालबुंद झाले होते. शेवटच्या पायरीवर तो थांबला.

आता दुसऱ्या एखाद्या मुलखात किंचाळ्या उठल्या असत्या, गळ्यात गळे पडले असते. इथे पन्नास माणसं अशा पेचात पडली की जिवंत माणसाला 'तुम्ही मेलात म्हणून आलो' असं सांगायचं कसं.

"आज हवा छान आहे," शेवटी माइकेन म्हणाली.

"छान आहे," बॅरन म्हणाला.

"म्हटलं, घर बघून यावं. बरेच दिवस मनात होतं."

"हो का." त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "सगळे काळ्या कपड्यांत?"

"काळ्यावर धूळ दिसत नाही," माइकेन ठामपणे म्हणाली, आणि हातातला खोका पाठीमागे नेला.

सिगब्रितला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिने तोंड फिरवलं, म्हणून तिलाच पहिल्यांदा खिडकीतून दिसलं. मागच्या अंगणात एलोफ उभा होता. काठी टेकत, काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन, स्वयंपाकघराच्या बंद दारासमोर.

"बॅरनसाहेब," ती हळूच म्हणाली, "एलोफ मागे उभा आहे."

बॅरन तरातरा निघाला. इतक्या वेगाने चालताना त्याला मी तरी पाहिलेलं नव्हतं. त्याने स्वतः कडी काढली. सिगब्रित पाठोपाठ होतीच.

एलोफने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अरे, तू तर जिवंत आहेस."

"तक्रार आहे का?"

"तक्रार कसली. कोटाला इस्त्री केली होती, ती वाया गेली. आणि माइकेनचा झेंडा मागून आणलाय, तो परत द्यायला लागेल." त्याने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मूर्खा, मी सकाळपासून बाकावर बसून होतो. घरात जावंसं वाटेना."

"मीही बसूनच होतो," बॅरन म्हणाला. "मला वाटलं, तू गेलास."

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग बॅरन म्हणाला, "पुढच्या दाराने का नाही आलास?"

"मला हेच दार माहीत आहे."

"चल. मी दाखवतो घर."

एलोफ जागचा हलला नाही. "सगळं नको. मला एकच बघायचंय. आमची आई पहाटे उठून वर शेगड्या पेटवायला यायची. सांगायची, खोली उबवायची एक शेगडी आहे, छताला टेकणारी, निळ्या फरशांची, आणि प्रत्येक फरशीवर वेगळं गलबत काढलंय. आम्ही सात भावंडं एका खोलीत, थंडीने दात वाजायचे, आणि ती आम्हाला त्या गलबतांच्या गोष्टी सांगायची. मी म्हणायचो, आई, थापा नको मारूस. शेगडीवर कोणी गलबतं काढतं का?"

बॅरनने सिगब्रितकडे बघितलं. ती खोली ती दर रविवारी दाखवायची. फरशा कोणी मागवल्या, कोणत्या देशातून जहाजाने आल्या, वाटेत किती फुटल्या, सगळं सांगायची. पेटवायचं कोण, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

ते वर गेले. गाव आपोआप मागे आलं, पन्नास माणसांची मोज्यांतली पावलं, आवाज न करता. बॅरनने खोलीचं दार उघडलं. शेगडी होती तशी उभी होती, पांढरी-निळी, छतापर्यंत, आणि प्रत्येक फरशीवर एक गलबत. एलोफने काठी सिगब्रितच्या हातात दिली. दोन्ही तळवे फरशांवर ठेवले आणि तो कपाळ टेकून उभा राहिला.

"खरंच सांगत होती," तो म्हणाला.

सिगब्रित पुढे झाली. रविवारी पाहुण्यांपुढे उभी राहायची तशीच ताठ उभी राहिली, गालांवरून पाणी ओघळत होतं ते तिने पुसलं नाही. "ही घरातली सगळ्यात जुनी शेगडी," ती म्हणाली. "पेटली की दिवसभर ऊब देते. रोज पहाटे ती एलोफची आई पेटवायची. नाव काय तिचं, एलोफ?"

"आल्फ्रिदा."

"आल्फ्रिदा पेटवायची," सिगब्रित म्हणाली. मग मागच्यांना बघता यावं म्हणून ती बाजूला झाली.

नंतर सगळे त्या चोवीस जणांच्या टेबलाशी दाटीवाटीने बसले, उरलेले खिडक्यांत बसले. केकचा खोका अखेर पुढे आला. वर पांढऱ्या क्रीमने क्रॉस काढलेला होता. माइकेनने सुरीने तो चपळाईने सारवून टाकला, बॅरनने बघून न बघितल्यासारखं केलं, आणि मग एलोफने मोठ्याने सांगून टाकलं, "अरे, हा तुझ्या मयताचा केक. खा पोटभर, असा योग पुन्हा येत नाही." तेव्हा कुठे गाव हसलं. इतका वेळ कोंडलेलं हसू, ते लवकर थांबेना. बॅरन तर हसता हसता खोकायला लागला, पाणी द्यावं लागलं.

निघताना एलोफ बूट घालत होता. सिगब्रितने त्याला खुर्ची दिली होती.

"पुढच्या रविवारी मुलीला आणतो," तो म्हणाला. "तिलाही मी ती गलबतं सांगत आलोय. तीही म्हणते, बाबा, थापा मारू नका. एक वाजताच उघडता ना?"

पुढच्या रविवारी इथे कुंपणाची मापं घेणारी माणसं असणार होती. सिगब्रितने बॅरनकडे बघितलं. तो खुर्चीशेजारीच उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं, आणि तो आपल्या मोज्यांकडे बघत होता. तिला खोटं बोलवेना.

"लेस नीट बांध, एलोफ," ती म्हणाली. "पायऱ्या निसरड्या आहेत."

सोमवारी ती किल्ल्या परत करायला गेली. जुडगा पुसून, कापडात गुंडाळून नेला होता. स्टॉकहोमचा माणूस आधीच आलेला होता, तरुण, नम्र, मोज्यांवर बसलेला. त्याच्यापुढे कागद मांडलेले होते. बॅरनच्या हातात पेन होतं. सिगब्रितने कॉफी आणली आणि ती कपाटाजवळ थांबली. जुडगा एप्रनच्या खिशात होता, तो काढायला हात जाईना.

बॅरनने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"मला माफ करा," तो म्हणाला. "तुम्हाला इतक्या लांब यायला लावलं. पण मला सही करता येणार नाही. रविवारी एलोफ मुलीला घेऊन येणार आहे."

तरुणाने क्षणभर विचार केला. "काही हरकत नाही. रविवार होऊन जाऊ दे. आपण पुढच्या सोमवारी भेटू."

"एका रविवारचं नाही हो." बॅरनचे कान लाल झाले होते, पण आवाज घट्ट होता. "काल मी मेलो असं वाटून सगळं गाव आलं माझ्या घरी. ती माणसं मी जिवंत असतानाच यायला हवीत. तुम्ही कुंपण घालाल, मग ती कुठून येणार?"

"आणि छप्पर?" तरुणाने वर बोट दाखवलं. "ते काही थांबणार नाही."

"नाही थांबणार. कॉफी घ्या, निवतेय."

सिगब्रितने त्या तरुणाच्या कपात कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. एरवी तिने शरमेने मान खाली घातली असती. ती सरळ बॅरनकडे वळली.

"रविवारी वरचा मजला तुम्ही दाखवायचा," ती म्हणाली. "माझे गुडघे आता दोन जिने चढत नाहीत."